808 फूट

कॅलिफोर्नियात 49 नंबरच्या रस्त्यावर, सोनोराहून एंजल्स कॅम्पकडे जाताना, एक उंच पूल लागतो. 2015 चा सप्टेंबर. फ्रीमाँटला लेकीकडे गेलो होतो आणि शनिवार-रविवार साधून जावई आम्हाला कॅलावेरासची आभाळाला टेकलेली झाडं दाखवायला निघाला होता. पूल ओलांडल्यावर त्याने गाडी कडेला घेतली. खाली न्यू मेलोनीस धरणाचा जलाशय होता, म्हणजे त्याचं जे काही उरलं होतं ते. दुष्काळाचं चौथं वर्ष. दोन्ही काठांना पांढुरका, बोडका पट्टा, भांड्यात दूध आटल्यावर कडेला साय धरते तसा. बोटी पाण्यात सोडायचा सिमेंटचा उतार मध्येच हवेत संपलेला.

"बाबा, याच्या खाली नदी आहे," जावई म्हणाला.

"धरणाखाली नदीच असते रे," मी म्हणालो. मी पाटबंधारेवाल्याचा मुलगा. असल्या वाक्यांनी मला गलबलून येत नाही.

पण तो हसला नाही. तो राफ्टिंगवेडा आहे. सुट्टी मिळाली की वल्हं घेऊन अमेरिकन नावाच्या नदीवर पळतो (तिकडे नदीचं नावच अमेरिकन आहे, त्याला माझा इलाज नाही). त्याने हात लांबवून वरच्या अंगाला, डोंगराच्या वळणाआड कुठेतरी दाखवलं. तिथे स्टॅनिस्लॉस नदीची चुनखडीची घळ होती. आणि त्या घळीत 1979 च्या मे महिन्यात एका माणसाने पाय साखळीने खडकाला बांधून घेतला होता. पाणी चढत असताना.

1979 चा मे. मी तेव्हा सतरा वर्षांचा होतो आणि सांगलीला कृष्णेत पवत होतो.

'पोहत' नाही, 'पवत'. आमच्याकडे पोहणं शाळेतल्या पुस्तकात. घाटावर सगळे पवायलाच जातात. मला अण्णांनी, म्हणजे वडिलांनी, पवायला शिकवलं ते तेलाचा पत्र्याचा डबा पाठीला बांधून. आजोबांच्या वेळी वाळका भोपळा असायचा, आमच्या वेळी डबा आला. डब्याचं तोंड डाख देऊन बंद केलेलं, दोर काखेतून घेऊन छातीवर गाठ. आठ दिवस डबा, मग अर्ध्या वाटेवर तो सोडून टाकायचा आणि अण्णा पुढे उभे राहून म्हणायचे, ये. त्यानंतर मे महिने गेले ते सूर आणि मुटके मारण्यात. पावसाळ्यात पाणी चढलं की दांडगी पोरं आयर्विन पुलावरून उड्या टाकत आणि खाली पार लांब जाऊन काठाला लागत. मी एकदाच टाकली. अण्णांना कळलं तेव्हा त्यांनी मारलं नाही, फक्त विचारलं, "पाणी किती फुटांवर होतं?" मला सांगता येईना, तेव्हा मारलं.

हा प्रश्न सांगलीकराच्या रक्तात आहे. पावसाळ्यात कुणीही कुणालाही भेटला की "आज किती फूट?" आयर्विनखाली 40 फूट म्हणजे इशारा, 45 म्हणजे धोका. 2019 ला 57 च्याही वर गेलं आणि आमच्या खालच्या खोलीत मासे शिरले, पण ती गोष्ट वेगळी.

तर तो माणूस. त्याचं नाव मार्क डुबॉय. सॅक्रामेंटोचा, साडेसहा फुटांहून उंच. तरुणपणी स्टॅनिस्लॉसच्या घळीत गेला तो चुनखडीच्या गुहा धुंडाळायला, मग नदीतच रमला. कॅम्प नाइन ते पॅरट्स फेरी हा साधारण 14 किलोमीटरचा टप्पा. दोन्ही बाजूंना उंच पांढरे कडे, मध्ये फेसाळ पाणी. 1849 च्या सोन्याच्या धावपळीतल्या लोकांच्या खुणा आणि त्यांच्याही कितीतरी आधीपासून तिथे राहणाऱ्या मीवॉक लोकांच्या खुणा. देशातल्या सर्वांत गर्दीच्या राफ्टिंग टप्प्यांपैकी तो एक होता. म्हणजे निर्जन, अस्पर्श वगैरे काही नाही. लोक तिथे मजा करायला येत. ओरडत, भिजत, उलटत.

डुबॉयने दोन मित्रांबरोबर 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला एक उद्योग काढला. ज्यांना असल्या नदीवर कुणी नेणार नाही त्यांना न्यायचं. चाकाच्या खुर्चीतली माणसं, अंध मुलं, शहरातल्या गरीब वस्त्यांतली पोरं. पैसे नाहीत? चला. जावयाने हे सांगितलं तेव्हा मी जरा थांबलो. तोवर माझ्या मनात चित्र होतं ते सुखवस्तू गोऱ्या पोरांच्या छंदाचं, आणि छंदाला धोका आला म्हणून केलेल्या रागाचं. पण आंधळ्या मुलाला राफ्टवर बसवणारा माणूस नदीचा देखावा दाखवत नसतो. त्याला तो दिसणारच नाही. पुढे धबधबा येतोय हे त्या मुलाला आवाजावरून कळणार, अंगावर उडणाऱ्या गार तुषारांवरून कळणार, आणि मग पोटात खड्डा पडणार. बस, एवढंच. नदी म्हणजे एवढंच असेल तर ते पुरेसं आहे का, हा प्रश्न माझ्या डोक्यात तिथे शिरला आणि अजून गेलेला नाही.

धरणाला मंजुरी जुनीच होती, 1944 ची, मग 1962 ला ते आणखी मोठं केलं. लष्कराच्या अभियांत्रिकी दलाने बांधलं, 190 मीटर उंच. 1974 मध्ये नदीवाल्यांनी राज्यभर सार्वमत घ्यायला लावलं. 'फ्रेंड्स ऑफ द रिव्हर' ही संघटना त्याच धामधुमीतून उभी राहिली. गंमत अशी की धरणाला 'नको' म्हणायचं तर मतपत्रिकेवर 'हो' म्हणावं लागत होतं, कारण मत नदीला संरक्षण देण्यावर होतं. नदीवाले हरले. धरण बांधून झालं. आणि त्या अडवलेल्या बहुतेक पाण्याला अजून गिऱ्हाईक ठरलेलं नव्हतं. राज्याच्या जलमंडळाने 1973 मध्येच अट घातली होती की मागणी सिद्ध केल्याशिवाय पूर्ण भरायचं नाही. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि 1978 मध्ये न्यायालयाने सांगितलं, राज्याला अशा अटी घालता येतात. तरीही 1979 च्या वसंतात बर्फ वितळू लागला आणि पाणी चढू लागलं.

तेव्हा डुबॉयने दलाच्या कर्नलला पत्र लिहिलं. शिवीगाळ नाही, घोषणा नाही. मतितार्थ असा की, या घळीतलं जीवन जपण्याजोगं आहे, पाणी पॅरट्स फेरीच्या पातळीला पोचेल त्या दिवशी मी तिथे एका खडकाला पाय बांधलेला असेन, तुमच्या हातात आहे तेवढं करा. आणि तो गेला. कुठे आहे हे एकाच मित्राला माहीत. हेलिकॉप्टर फिरलं, बोटी फिरल्या, माणसं किनारा तुडवत राहिली, सापडला नाही. जवळपास आठवडा तो खडकाशी बसून होता आणि पाणी वर येत होतं. शेवटी दलाने शब्द दिला: पॅरट्स फेरीच्या वर, म्हणजे समुद्रसपाटीपासून 808 फुटांच्या वर, तूर्त भरणार नाही. मग साखळी सुटली.

एक गोष्ट जावयाने दोनदा सांगितली आणि मला ती महत्त्वाची वाटते. साखळी बांधली तेव्हा मागणी धरण पाडायची नव्हती. धरण उभं होतंच. मागणी होती, इथे थांबा.

त्या रात्री सोनोरातल्या मोटेलमधून मी सांगलीला फोन लावला. अण्णा तेव्हा ब्याऐंशीचे. कोयनेच्या बांधकामावर उमेदीची वर्षं घालवलेले, 1967 च्या भूकंपानंतर आईने हट्टाने सांगलीला आणलेले. कोयना हा शब्द ते देवाचं नाव घ्यावं तसा घेत. त्यांना मी सगळी हकीकत सांगितली. मला वाटलं चिडतील. ते ऐकत राहिले.

"808 म्हणजे एमएसएल ना?"

"हो, समुद्रसपाटीपासून."

"पूर्ण संचय पातळी किती?"

मी जावयाला विचारलं, त्याने फोनवर शोधलं. "1088."

"म्हणजे 280 फूट रिकामं ठेवा म्हणाला." थोडा वेळ नुसती खरखर. "किल्ली कुठे होती?"

"त्याच्याजवळ नव्हती."

"हं," अण्णा म्हणाले. "मग खरा माणूस." आणि मग लगेच, जणू जास्त बोलून गेलो असं वाटून: "पण खालच्या गावांत पूर आला असता तर त्याची साखळी काय कामाची? वीज किती होते तिथे?"

300 मेगावॅट. तेही शोधून सांगितलं. त्यांचं समाधान झालं.

गोष्ट इथे संपत नाही हे मला दुसऱ्या दिवशी कळलं, झाडांखाली उभं असताना. 1982-83 चा हिवाळा कॅलिफोर्नियात भयंकर पावसाचा गेला. पाणी 808 ला विचारत थांबलं नाही. जलाशय भरला, घळ बुडाली, तो चौदा किलोमीटरचा टप्पा संपला. दुष्काळात पाणी खाली गेलं की वरचा भाग गाळाच्या थरांसकट उघडा पडतो आणि जुने लोक राफ्ट घेऊन तिथे जातात. आपल्याकडे उजनीत पाणी आटलं की पळसदेवचं देऊळ वर येतं आणि माणसं बघायला जातात, तसंच. जावई म्हणाला, "या वर्षी जाता येईल." मला ते ऐकून कसंसंच झालं. कुणाच्या दुष्काळाची वाट बघत कुणीतरी वल्हं तयार ठेवतं.

हरल्यावर माणसं काय करतात यात मला जास्त रस आहे. डुबॉयने 1985 मध्ये 'इंटरनॅशनल रिव्हर्स नेटवर्क' उभारायला हात लावला, जगभरात धरणांखाली जाणाऱ्या नद्यांच्या लोकांना एकमेकांशी जोडण्यासाठी. 1990 च्या वसुंधरा दिनाचं आंतरराष्ट्रीय काम सांभाळणाऱ्यांत तो होता. आणि इथून धागा थेट आपल्या दारात येतो. 1994 मध्ये जगातल्या शेकडो संघटनांनी जागतिक बँकेकडे मागणी केली की मोठ्या धरणांना पैसे देणं थांबवा. डुबॉयच्या त्या संघटनेचा त्यात पुढाकार होता. त्या जाहीरनाम्याला नाव दिलं गेलं ते एका मराठी मुलखातल्या गावाचं: मणिबेली.

अक्कलकुवा तालुक्यातलं मणिबेली. तेव्हाच्या धुळे, आताच्या नंदुरबार जिल्ह्यातलं. सरदार सरोवरात बुडालेल्या महाराष्ट्रातल्या 33 गावांपैकी पाण्यात जाणारं पहिलं. तिथेही माणसं चढत्या पाण्यात उभी राहिली. डूबेंगे पर हटेंगे नहीं. तिथेही सगळी लढाई आकड्यांची होती, फक्त फुटांऐवजी मीटर. धरण 80 मीटर झालं, 90 झालं, 121.92 झालं, 138.68 झालं. दरवेळी एक आकडा वर, दरवेळी काही घरं खाली.

फ्रीमाँटला परत आल्यावर मी हे दोन्ही प्रसंग शेजारी शेजारी ठेवून बघत राहिलो, आणि ते एकावर एक बसेनात. डुबॉयला साखळी सुटल्यावर घर होतं. मणिबेलीच्या माणसाला साखळी लागलीच नाही, तो मुळात तिथेच बांधलेला होता: शेत, चूल, देव, मेलेली माणसं. एकाचं खेळणं बुडालं, एकाचं गाव. असं म्हणून मी डुबॉयला निकालात काढायला निघालो होतो. पण जमेना. कारण त्या कर्नलने पाणी थांबवलं ते कुणाचं घर होतं म्हणून नाही. कुणाचंही घर नसलेल्या जागेसाठी एक माणूस मरायला तयार होता म्हणून. आपण नदीसाठी बोलतो तेव्हा कायम दोनच कारणं देतो: ती माता आहे किंवा ती पोट भरते. तिसरं कारण द्यायला आपल्याला लाज वाटते. म्हणजे, मला तिथे मजा आली.

परत आल्यावर डिसेंबरात पुतण्यांनी कोलाडला ओढून नेलं. कुंडलिकेवर राफ्टिंग. तिथले गाईड म्हणजे जवळपासच्या गावांतली पोरं, विशीतली, उन्हाने रापलेली, मराठी-हिंदी-इंग्रजी एकाच दमात बोलणारी. सकाळी सगळे काठावर जॅकेट घालून ताटकळत. नदी म्हणावी तर दगडांतून एक लाजरा ओहळ. "पाणी सुटलं की निघायचं," गाईड म्हणाला. आणि सुटलं. बघता बघता दगड गेले, आवाज आला, फेस आला. त्रेपन्नाव्या वर्षी मी पुतण्यांपेक्षा जास्त ओरडलो. एका खळाळात बाहेर फेकलाही गेलो. पाण्याने नाकात शिरून जी काही ओळख दिली ती अगदी घाटावरची होती. चाळीस वर्षांनी भेटलेल्या मित्राने पाठीत धपाटा घालावा तशी.

सांगलीला गेल्यावर अण्णांना फुशारकीने सांगितलं. ते सुपारी कातरत होते.

"ते पाणी कुठलं माहिताय?"

"कुंडलिकेचं."

"भिऱ्याच्या वीजघरातलं. वीज काढून झाली की सोडतात. आणि भिऱ्याला कुठून येतं? मुळशीतून. डोंगर फोडून घाटाखाली आणलंय." अडकित्ता थांबला. "सेनापती बापट ज्यासाठी तुरुंगात गेले त्या पाण्यावर तू बोंबलत होतास."

हे मला माहीत असायला हवं होतं. मुळशी सत्याग्रह, 1921 ते 1924, टाटांच्या धरणाविरुद्ध मावळ्यांचा लढा, जगातल्या अगदी पहिल्या धरणविरोधी आंदोलनांत ज्याची गणना होते, आणि ज्यामुळे पांडुरंग महादेव बापट 'सेनापती' झाले. शाळेत दोन मार्कांना होतं. मुळा नदी, जिचं पाणी भीमेतून कृष्णेत आणि कृष्णेतून पूर्वेच्या समुद्रात जायचं, ती अडवून पश्चिमेला कोकणात उतरवली. 1927 पासून भिऱ्याला वीज आहे, मुंबईला उजेड आहे, आणि आता कोलाडला राफ्टिंग आहे. मुळशी खोऱ्यातली सुपीक भातखाचरं तळाशी आहेत. स्टॅनिस्लॉसला धरणाने खेळ बुडवला. इथे धरणानेच खेळ दिला. त्या गाईड पोराचं घर त्यावर चालतं. आता डुबॉयला इथे आणून उभा केला तर तो कुठल्या खडकाला पाय बांधेल, सांगा.

अण्णांना असले पेच आवडत. कोयनेचंही तसंच, ते म्हणाले. कोयनेचं पाणी कऱ्हाडला कृष्णेत यायचं, त्यातलं कितीतरी पोफळीला उतरवून वाशिष्ठीत घातलं. "आम्ही पाण्याला पश्चिम दाखवली," हे ते अभिमानाने म्हणाले की कबुली म्हणून, मला आजही ठरवता येत नाही.

2016 च्या एप्रिलात त्यांनी माझ्यावर शेवटचा डाव टाकला. लातूर तहानलं होतं आणि मिरजेहून पाण्याच्या वाघिणी भरून रेल्वे लातूरला जात होती. कृष्णेचं पाणी. अण्णांनी पेपर माझ्यापुढे सरकवला. "हे पाणी उन्हाळ्यात कृष्णेत कुठून आलं? तुझ्या साखळीवाल्याला पाठव हे." माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही नाही. ज्या नदीत मी खेळलो ती मे महिन्यातही वाहायची याचं एक कारण वर कोयना होती. माझी मजासुद्धा कुणीतरी दरवाजे किती उघडले त्यावर मोजून मिळालेली.

पण त्याच पेपरात आतल्या पानावर मेलेल्या माशांची बातमी होती, दर उन्हाळ्यात असते तशी. मी ती त्यांच्यापुढे सरकवली. मळीचं पाणी सोडलं की मासे वर येतात, दोन दिवस ओरड होते, नमुने जातात, अहवाल येतो की येत नाही. घाटावर आता पवायला जाणारे मोजके. मासे मेलेले, त्यात मगरींची भीती, आणि मुलांना पोहण्याचे तलाव. "आपल्या गल्लीत शेवटचा नदीत पवायला कोण शिकला?" मी विचारलं. अण्णांनी आठवायचा प्रयत्न केला. गल्लीतली नावं बोटांवर मोजत गेले आणि माझ्यापाशी येऊन थांबले.

त्या दिवशी संध्याकाळी ते स्वतःहून म्हणाले, "चल, घाटावर जाऊन येऊ." रिक्षा केली. पायऱ्या उतरताना माझ्या खांद्यावर हात, दुसऱ्या हातात काठी. पाणी खाली गेलेलं, कडेला शेवाळ, पण मध्ये धार होती. वरच्या पायरीवर म्हातारे सूर्याकडे तोंड करून बसलेले. खाली, माझ्या अपेक्षेच्या बाहेर, पाच-सहा पोरं. त्यातल्या एका आठ-नऊ वर्षांच्या पोराच्या पाठीला डबा. तेलाचा नाही, निळा प्लास्टिकचा कॅन. त्याचा बाप कमरेएवढ्या पाण्यात उभा आणि पोरगं पायरीवर अडून बसलेलं.

अण्णा दोन पायऱ्या वर थांबून ते बघत राहिले. मग काठी माझ्या हातात दिली.

"गाठ चुकलीय," ते म्हणाले. "पाठीवर मारलीय. पोराला सोडता यायची नाही."

आणि धोतराचा सोगा खोचून, मी धरायच्या आत, खालच्या ओल्या पायरीवर वाकून त्या अनोळखी पोराचा दोर सोडू लागले.